मोकळ्या प्याद्याचे बळ

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे आज तालुक्याचे गाव आहे. बाराव्या शतकात ते कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होते आणि तेथील तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. भाषेचे अभ्यासक त्याकडे जुन्या मराठीच्या खुणांसाठी वळतात, पाककलेचे अभ्यासक त्यातील पदार्थांसाठी. शंभर प्रकरणांच्या या ग्रंथाची अखेरची विंशती राजाच्या क्रीडांना वाहिलेली असून त्या क्रीडांमध्ये बुद्धिबळाचेही वर्णन आहे. आज मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात त्या या सीमाभागात हा खेळ किमान नऊशे वर्षांचा आहे.

पुढे १३४७मध्ये कलबुर्गीला बहमनी गादी स्थापन झाली, पंधराव्या शतकात ती बीदरला हलली, आणि दरबाराची भाषा फारसी झाली. मराठी बुद्धिबळाचा शब्दसंग्रह पाहिला की दख्खनच्या या काळाची आठवण होते. प्यादे, वजीर, शह, मात हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आलेले. 'प्यादे' म्हणजे पायी चालणारा शिपाई. उंट, घोडा, हत्ती यांना वाहन मिळाले, त्याला नाही. मागे फिरण्याची मुभा नसलेला पटावरील हा एकच मोहरा. मात्र पट ओलांडून पलीकडे पोहोचला तर तो स्वतःचे रूप पालटतो, आणि हे भाग्यही त्याच्या एकट्याचेच.

हे भाग्य पूर्वी आजच्याइतके मोठे नव्हते. जुन्या खेळात वजीर तिरका, एकाच घराने सरकत असे. बीदरमध्ये महमूद गावान मुख्य प्रधान होता तेव्हाही पटावरचा वजीर असाच दुबळा होता. गीलानहून आलेला, दाभोळच्या बंदरात उतरलेला हा व्यापारी बहमनी राज्याचा सर्वांत सामर्थ्यवान माणूस झाला. १४७२मध्ये बीदरची त्याची मदरसा उभी राहिली आणि त्याच वर्षी त्याने गोवा विजयनगरकडून जिंकून घेतला. १४८१मध्ये बनावट पत्राच्या कटात सापडून तो सुलतानाच्या हुकमाने मारला गेला, आणि पाठोपाठ राज्याचीही शकले झाली. प्याद्याचा वजीर होणे म्हणजे काय, हे दख्खनने पटाबाहेर असे पाहिले. पटावर ते घडायला मात्र युरोपातील बदल कारण ठरला. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात तिकडे वजिराला हत्ती आणि उंट या दोघांच्या चाली एकत्र मिळाल्या. एका रात्रीत म्हणावे असा हा बदल होता. दुबळ्या मंत्र्याच्या जागी पटावरील सर्वांत बलवान मोहरा आला आणि शेवटच्या रांगेत पोहोचणाऱ्या प्रत्येक प्याद्याची किंमत कित्येक पटींनी वाढली. मोकळ्या प्याद्याचे सारे शास्त्र या बदलातून उभे राहिले आहे.

मोकळे प्यादे म्हणजे नेमके काय? ज्या प्याद्याच्या पुढे, त्याच्या स्वतःच्या उभ्या पट्टीत किंवा डाव्या-उजव्या लगतच्या पट्ट्यांत, प्रतिस्पर्ध्याचे एकही प्यादे उरलेले नाही ते मोकळे प्यादे. इंग्रजी पुस्तकांच्या सवयीने आपल्याकडे त्याला 'पास्ड पॉन'ही म्हणतात. त्याला प्यादे अडवू शकत नाही. अडवायचे तर मोहऱ्याला किंवा खुद्द राजाला यावे लागते. नवखा खेळाडू ही व्याख्या पाठ करतो आणि असे प्यादे मिळताच ते पुढे दामटू लागतो. येथेच पुष्कळ जिंकलेले डाव बरोबरीत सुटतात. मोकळ्या प्याद्याचे पहिले काम धावणे नव्हे. प्रतिस्पर्ध्याचा एखादा चांगला मोहरा स्वतःपाशी बांधून ठेवणे हे त्याचे खरे काम. ते धावेल ही भीती बहुतेक वेळा प्रत्यक्ष धावण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

पुढील उदाहरणे पट मांडून पाहावीत. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशा मोजायच्या, आणि आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.

सर्वांत साधी स्थिती अशी. पांढऱ्याचा राजा ई३वर, प्यादे ई२वर, काळ्याचा राजा ई७वर, खेळी पांढऱ्याची. प्यादे मोकळे आहे आणि दोन घरे एकदम टाकण्याची सोयही आहे. पण प्यादे ई४वर टाकले की काळा राजा ई६वर येतो आणि डाव बरोबरीत जातो. पांढऱ्याचा राजा डी४वर गेला तर काळा डी६वर, एफ४वर गेला तर काळा एफ६वर. समोरासमोर उभा राहून तो वाट देत नाही. आता पहिली खेळी बदलून पाहावी. आधी राजा ई४वर न्यावा. काळा ई६वर आला तर प्यादे एकच घर, ई३वर सरकवावे. आता खेळी काळ्याची आहे आणि त्याला बाजूला व्हावेच लागते. तो डी६वर गेला तर पांढरा राजा एफ५वर, एफ६वर गेला तर डी५वर घुसतो, आणि हळूहळू प्याद्यासाठी वाट मोकळी करतो. मोहरे तेच, घरे तीच. प्यादे आधी धावले तर अर्धा गुण, राजा आधी चालला तर पूर्ण.

प्यादे एकटे पळू लागले आणि त्याला पकडायला फक्त राजाच उरला असेल, तर मोजणीची एक जुनी युक्ती आहे. प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर ही एक बाजू धरून मनात चौकोन आखायचा. प्यादे ए५वर असेल तर ए५, ए८, डी८, डी५ हे त्याचे कोपरे. काळा राजा ई५वर आहे आणि खेळी त्याची असेल, तर तो डी६वर उतरून चौकोनात शिरतो, पुढे सी६ व बी७ करीत प्याद्याला गाठतो. खेळी पांढऱ्याची असेल तर प्यादे ए६वर जाते, चौकोन लहान होतो आणि राजा बाहेरच राहतो. २०२५च्या नोव्हेंबरात गोव्यात विश्वचषकाच्या बाद फेऱ्या झाल्या. त्यांत क्लासिकल डावांची बरोबरी सुटली नाही की जलद डाव खेळावे लागत. घड्याळात थोडाच वेळ उरला असताना एकेक घर मोजत बसणे कोणालाच परवडत नाही. तेव्हा हा चौकोन डोळ्यांनी पाहणे हाच उपाय.

या चौकोनाने सर्वांत सुंदर कोडे जन्माला घातले ते रिचर्ड रेटी यांच्या हातून, १९२१मध्ये. पांढरा राजा एच८च्या कोपऱ्यात, प्यादे सी६वर. काळा राजा ए६वर, प्यादे एच५वर. पांढऱ्याने बरोबरी साधायची आहे. पाहणाऱ्याला हे अशक्य वाटते. काळ्याचे प्यादे राजाच्या दोन पावले पुढे निघून गेले आहे आणि पांढऱ्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे. पण पांढरा राजा जी७, एफ६ अशी तिरकी वाट धरतो. काळे प्यादे एच४वर येते. मग काळ्याने प्यादे पकडण्यासाठी राजा बी६वर आणला की पांढरा राजा ई५वर जातो. आता तो एकाच वेळी दोन्हीकडे आहे. सी६ मारले तर एफ४वर जाऊन काळे प्यादे गाठतो. एच३ केले तर डी६वर जाऊन स्वतःच्या प्याद्याला हात देतो आणि दोन्ही बाजूंचे वजीर जवळजवळ एकदम उभे राहतात. राजाला तिरके चालायला सरळ चालण्याइकीच पावले लागतात, एवढ्या एका गोष्टीवर हे कोडे उभे आहे. सी६वरचे ते प्यादे एकदाही नीट धावत नाही. पण ते नसते तर पांढऱ्याचा राजा कधीच पोहोचला नसता.

आता मुख्य गोष्टीकडे. दोघांकडेही मोकळे प्यादे असेल तर कोण जिंकतो? पुढील स्थिती मांडून पाहावी. पांढरा राजा डी४, प्यादी ए४, जी४, एच५. काळा राजा डी६, प्यादी ई६, जी७, एच६. प्यादी तीन विरुद्ध तीन. ए-पट्टीतील पांढरे प्यादे मोकळे, तसेच ई-पट्टीतील काळेही मोकळे. काळ्याचे तर पटाच्या मध्यात, राजाच्या शेजारी आहे. तरीही पांढरा सहज जिंकतो. तो ए५ खेळतो. काळा राजा सी६वर त्याच्यामागे जातो. पांढरा राजा ई५वर येतो. काळा बी५वर, पांढरा ई६वरचे प्यादे टिपतो. काळा ए५वरचे प्यादे मारतो. हिशेब बरोबरीचा दिसतो, पण काळा राजा आता पटाच्या एका टोकाला आहे आणि लढाई दुसऱ्या टोकाला. पांढरा राजा एफ७, जी७, एच६ असा तेथली दोन्ही प्यादी गिळतो आणि उरलेल्या दोन प्याद्यांतून वजीर काढतो. काळ्याने आधी ई५ करून शह दिला तरी पांढरा राजा ई४वर थांबतो. काळा राजा प्यादे सांभाळायला ई६वर गेला तर पांढऱ्याचे ए-प्यादे धावत सुटते.

ए-पट्टीतील ते प्यादे शेवटी मारलेच गेले. ते मारले जाण्यासाठीच होते. पटाच्या टोकाला, मुख्य लढाईपासून लांब असलेल्या अशा प्याद्याला जाणकार 'दूरचे मोकळे प्यादे' म्हणतात. राजांच्या अखेरच्या डावांत त्याची किंमत एखाद्या अधिकच्या प्याद्याएवढी, कधी कधी त्याहून जास्त धरतात. मोहऱ्यांची अदलाबदल करायची की नाही, हा प्रश्न मधल्या डावात पडतो तेव्हा चांगला खेळाडू आधी मोकळी प्यादी कोठे राहतील ते पाहतो. हाताशी दूरचे प्यादे असेल तर तो निर्धास्तपणे मोहरे उतरवतो. नसेल तर जपून राहतो.

जगज्जेतेपद या एका कल्पनेवर फिरल्याचे उदाहरण १९२७चे आहे. ब्युनोस आयर्स येथे कापाब्लांका आणि अल्योखिन यांची लढत चालू होती. कापाब्लांका अजिंक्य मानला जात होता. चौतिसाव्या डावात दोघांकडे एकेक हत्ती उरला होता. अल्योखिनकडे ए-पट्टीत एक मोकळे प्यादे जास्त होते आणि राजाच्या बाजूला दोघांची सारखी प्यादी होती. अल्योखिनचा हत्ती प्याद्याच्या मागे, कापाब्लांकाचा समोर अडवून उभा. येथे एक नियम लक्षात ठेवावा, तो डॉ. टाराश यांच्या नावाने ओळखला जातो. मोकळे प्यादे आपले असो वा परक्याचे, हत्ती त्याच्या मागे असावा. कारण उघड आहे. प्यादे एकेक घर पुढे सरकेल तसा मागच्या हत्तीचा वावर वाढतो आणि समोरच्या हत्तीचा घटतो. याला अपवाद आहेत, काही डावांत बाजूने मारा करणारा हत्ती अधिक चांगला ठरतो, पण नियम म्हणून हाच पाया.

त्या डावात अल्योखिनने घाई केली नाही. त्याने राजा प्याद्याच्या बाजूला नेला, म्हणजे कापाब्लांकाच्या राजालाही तिकडे धावावे लागले. मग पांढरा राजा दुसऱ्या बाजूला वळला, आणि जिथे काळ्याचा हत्ती व राजा वेळेवर पोहोचू शकत नव्हते तिथे घाव पडला. ए-पट्टीतील प्यादे स्वतः वजीर झाले नाही. काळ्याचे दोन्ही मोहरे त्याने जखडून ठेवले, तेवढ्यावर काम झाले. कापाब्लांकाने पुढे खेळायला न येता पत्राने हार कळवली. सहा विजय, तीन पराभव आणि पंचवीस बरोबऱ्या अशा हिशेबाने जगज्जेतेपद बदलले. त्यानंतर दोघांमध्ये पुन्हा अशी लढत कधी झाली नाही.

आता हीच स्थिती अडवणाऱ्याच्या बाजूने पाहू. मोकळ्या प्याद्याच्या लगेच समोरच्या घरात मोहरा बसवणे हा त्यावरचा पहिला उपाय. एरन निम्झोविच यांनी १९२५च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'माय सिस्टिम' या ग्रंथात या अडवणुकीचा कसून विचार केला. अडवायला कोण चांगला? घोडा सर्वांत चांगला, कारण तो उडी मारतो आणि समोरच्या प्याद्यामुळे त्याची नजर अडत नाही. उंटही चालतो. हत्तीला असे बसवणे म्हणजे त्याला पहारेकरी करून टाकणे. वजिराला बसवणे तर अगदीच वाईट, कारण त्याला साधा घोडाही हुसकावू शकतो. म्हणून मोकळे प्यादे असलेल्या खेळाडूने सतत एकच प्रश्न विचारावा: समोर कोण बसले आहे, आणि त्याला तेथून कसा हलवता येईल? हलकाच मोहरा बसलेला असेल तर प्यादे अजून फारसे बांधून ठेवत नाही. हत्ती बसला असेल तर ते एकटेच हत्तीएवढे काम करीत आहे.

दोन मोकळी प्यादी शेजारी शेजारी असली तर चित्र बदलते. ती एकमेकांना आधार देत चालतात, आणि दोन्ही सहाव्या रांगेत पोहोचली व राजे दूर असले तर एकट्या हत्तीला ती थोपवता येत नाहीत. हत्तीने एकाला मारायला धाव घेतली की दुसरे सातवीत जाते. १८३४मध्ये लंडनमध्ये मॅकडोनेल आणि ला बूर्दोने यांच्यात झालेल्या एका डावाच्या अखेरीस ला बूर्दोनेची तीन काळी प्यादी डी२, ई२, एफ२ अशी शेजारी उभी होती, वजीर होण्यापासून एकेक पाऊल दूर. समोर पांढऱ्याचे मोठे मोहरे असूनही त्यांना काही करता येईना. बुद्धिबळाच्या पुस्तकांत हे चित्र अजून छापले जाते.

मोकळे प्यादे नसेल तर कधी ते घडवावे लागते. ए५, बी५, सी५ ही पांढरी प्यादी आणि समोर ए७, बी७, सी७ ही काळी. राजे दूर आहेत आणि खेळी पांढऱ्याची. येथे बी६ असे प्यादे फेकायचे. काळ्याने ए-प्याद्याने मारले तर सी६. बी-प्याद्याने ते मारले की ए६, आणि वाट मोकळी. काळ्याने आधी सी-प्याद्याने मारले तर उलट ए६, मग सी६. दोन प्यादी देऊन एक मोकळे मिळाले, आणि ते कोणी गाठू शकत नाही. खेळी काळ्याची असती तर त्याने स्वतःच बी६ खेळून सारे मिटवले असते. हे एक पाऊल आधी की नंतर, एवढाच फरक.

शेवटच्या रांगेत पोहोचल्यावर काय व्हावे, याबद्दल आपल्याकडची देशी पद्धत वेगळी होती. प्रांतोप्रांती बारकावे निराळे असत, पण सर्वसाधारणपणे प्यादे ज्या पट्टीत पोहोचेल त्या पट्टीच्या मूळ धन्याचे रूप ते घेई: घोड्याच्या पट्टीत घोडा, हत्तीच्या पट्टीत हत्ती. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे टाकण्याची मुभाही बहुधा नसे. अशा नियमांत वाढलेला पंजाबचा सुलतान खान १९२९मध्ये इंग्लंडात जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. नव्या नियमांत त्याच्या प्रारंभीच्या खेळ्या कच्च्या असत, पण डावाच्या अखेरीस त्याच्याशी गाठ नको, असे नाव त्याने कमावले. कोणती पट्टी, किती पावले, कोणता मोहरा हा हिशेब लहानपणापासून करावा लागलेल्याला अखेरचा डाव सोपा जात असेल, असे म्हणायला जागा आहे.

आजच्या नियमांत हवा तो मोहरा घेता येतो आणि जवळजवळ नेहमी वजीरच घेतात. तो घेणे चुकीचे ठरते अशी एक स्थिती मात्र प्रत्येकाने पाहावी. १८९५मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात आलेले हे कोडे. पांढरा राजा बी६वर, प्यादे सी६वर. काळा राजा ए१वर, हत्ती डी५वर. पांढरे प्यादे सी७वर जाते आणि हत्ती शह देऊ लागतो. डी६वरून शह, राजा बी५वर. डी५वरून शह, राजा बी४वर. डी४, राजा बी३वर. डी३, राजा सी२वर. आता शह संपले, आणि हत्ती डी४वर जाऊन सापळा लावतो. प्याद्याचा वजीर केला तर हत्ती सी४वर येऊन शह देतो, वजिराला तो मारावा लागतो आणि काळ्या राजाला हलायला घरच उरत नाही, बरोबरी. बरोबरीचा निकाल छापूनही आला होता. मग ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूने दाखवून दिले की सी८वर वजीर नव्हे, हत्ती घ्यावा. काळ्या हत्तीला आता ए४वर जाऊन मात वाचवावी लागते. पांढरा राजा बी३वर येतो. एकीकडे हत्तीवर घाला, दुसरीकडे सी१वर मात. दोन्ही वाचवणारी खेळी काळ्याकडे नाही.